खांबावर नसलेला विंडसॉक

आधी सगळ्यांची माफी मागतो. या सदरात लिहिणाऱ्यांचे अनुभव मी दोन वर्षं नियमित वाचतोय, पण स्वतः लिहायची माझी योग्यता आहे असं मला अजूनही वाटत नाही. मी सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे काही लिहायला बसलो की ते अर्जासारखं होतं... ‘वरील विषयास अनुसरून विनंती की’ वगैरे. हे चार वेळा लिहून चार वेळा फाडलंय. चुकलं तर सांभाळून घ्या. नावं सगळी बदलली आहेत.

दुसरं म्हणजे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमचं गाव करमाळ्याच्या बाजूला. तिकडे कुणाच्या अंगात आलं की बायका-माणसं पाया पडायला जमायची आणि मी उठून बाहेर जाऊन उभा राहायचो. आई चिडायची, “लई शाणा झालायस, दोन पुस्तकं वाचली की.” पण मला खरंच तसं काही वाटायचं नाही. आजही वाटत नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते मला कुठल्याच पुस्तकात बसवता येत नाहीये, म्हणून हे लिहितोय.

माझं कॉलेज सकाळचं. दुपारी मी शहराबाहेरच्या एका छोट्या खाजगी धावपट्टीवर कामाला जायचो. जागेचं नाव देत नाही. धावपट्टी उत्तर-दक्षिण आहे. पश्चिमेला, म्हणजे दक्षिणेकडून उतरणाऱ्या विमानाच्या डाव्या हाताला, एक पत्र्याचं ऑफिस आणि त्याच्यामागे मोठी शेड. त्या बाजूला सगळं मोकळं माळरान. उजव्या हाताला पावसाचं पाणी जायला खोल चर काढलेला, दगडांनी बांधलेला. हा चर लक्षात ठेवा.

दुसऱ्या गावच्या प्रशिक्षण संस्थांची दोन सीटची छोटी विमानं सरावासाठी तिथे येतात, उतरतात, परत जातात. आमच्याकडे तिघंच माणसं. भोसले सर, ते स्वतः वैमानिक होते, आता धावपट्टीचं सगळं बघतात आणि रेडिओवर बोलतात. इरण्णामामा, वॉचमन, अक्कलकोटकडचे, साठीच्या आसपासचे. आणि मी... येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांची नोंद ठेवायची, उतरायच्या आधी पट्टीवरच्या शेळ्या हाकलायच्या आणि विंडसॉककडे बघून सरांना वारा सांगायचा.

विंडसॉक म्हणजे उंच खांबावर लावलेली लांब कापडी पिशवी. पायमोज्यासारखी, पण दोन्ही तोंडं उघडी. वारा भरला की ती आडवी होते. जेवढी आडवी, तेवढा वारा जोरात. वैमानिक वरून तिच्याकडे बघूनच ठरवतो की वारा समोरून आहे की बाजूने. बाजूचा वारा सगळ्यात वाईट. सरांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं.

“टेंभुर्णीच्या पुढं भीमेच्या पुलावर मोटरसायकल चालवलीस कधी?”

“हो सर.”

“बाजूनं वारा लागला की काय होतं?”

“गाडी सरकते सर.”

“तुझी गाडी जमिनीवर असते तरी सरकते. छोटं विमान उतरताना धड हवेत नसतं, धड जमिनीवर नसतं. मोठे लोकही तिथं फसतात, मग शिकणारी पोरं तर...”

आमचा विंडसॉक भगव्या रंगाचा होता, पण उन्हाने विटला होता. खालची शिवण उसवली होती आणि एक लांब पट्टी लोंबत होती. एका ठिकाणी भोक पडलं तेव्हा मामांनी स्वतःच्या जुन्या शर्टाचा निळ्या चौकटीचा तुकडा लावून ठिगळ मारलं होतं. शेवटी सरांनी नवीन मागवला, पण तो यायला महिना लागणार होता. सर तीन-चार दिवस पुण्याला निघाले होते. जाताना म्हणाले, “गणेश, तोपर्यंत गावातनं कुणाकडनं तरी शिवून घे.”

इथे माझी चूक आहे. मी ती लपवणार नाही.

मी जुना सॉक काढून पिशवीत घातला आणि शुक्रवार पेठेत नरसय्याकाकांकडे गेलो. ते उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी शिवतात. त्यांचं घराणं विणकरांचं, कापडातलं त्यांना इतकं कळतं की बोटांनी चोळून वजन सांगतात.

“हे कसलं पातळ कापड लावलंय बे?” त्यांनी सॉक उलटा-पालटा केला. “ह्याला काय उन्हात दम निघतो? तुला टिकाऊ पायजे का नुसतं दिसायला पायजे?”

“टिकाऊच पाहिजे काका.”

“मग चादरीचं घे की. सोलापुरात राहून नायलॉन काय लावता? धा वर्सं काय होत नाही त्याला.”

मला ते पटलं. आमच्या घरी वस्तू घेताना एकच गोष्ट बघतात, किती दिवस टिकेल. कापड जाड असलं की चांगलं, हे मला लहानपणापासून माहीत. फिजिक्स शिकणाऱ्या पोराच्या डोक्यात वजनाचा विचार यायला नको होता का? नाही आला. मी त्यांना तोंडाला डबल शिलाई मारायला पण सांगितलं. मापासाठी जुना सॉक त्यांनी ठेवून घेतला.

त्या संध्याकाळी वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “इमानाला पिशवी कशाला लागती रं? बाजार करत्यात व्हय?” आणि स्वतःच हसत सुटले. मला पण हसू आलं.

नवीन सॉक लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झाला, एकदम झकास. मामांनी खांबाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग आम्ही तो वर चढवला. चढवल्यावर मामा बराच वेळ मान वर करून बघत राहिले.

“जड हाय की रे हे.”

“कांजी आहे मामा त्याला. नवीन चादर कशी कडक असते... एक-दोनदा पाण्यातून काढला की मऊ पडेल.”

“मग धुऊनच लावायचं हुतं की बाबा.”

धुवायला कुणाला वेळ होता? लावायची घाई होती. दोन दिवस विमान आलं नाही. सॉक थोडा हलायचा, पुन्हा खाली पडायचा. मी म्हटलं, वाराच नाहीये.

तिसऱ्या दिवशी सर पुण्याहून थेट ऑफिसला आले, पत्र्याखाली बसले, फॅन लावला आणि त्याच वेळी रेडिओवर एका मुलीचा आवाज आला. रेवती. प्रशिक्षणार्थी, एकटीच विमान घेऊन आली होती. आमच्या पट्टीवर ती पहिल्यांदाच येत होती, हे मी नोंदवहीत स्वतः लिहिलंय.

दुपारची वेळ, वळवाचे दिवस. मी ऑफिसच्या पुढच्या व्हरांड्यात उभा होतो. म्हणजे मागे ऑफिस, त्याच्यामागे शेड, आणि वारा पश्चिमेचा. मला अंगाला काहीच लागत नव्हतं. मी आडोशाला उभा आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सरांनी आतून विचारलं, “गणेश, सॉक काय म्हणतोय?”

मी बघितलं. लाल-पांढरा सॉक खांबाला लोंबत होता. शेपूट जरा हलत होती, एवढंच. मी म्हणालो, “खाली आहे सर. वारा नाही.”

सरांनी रेडिओवर तिला तसंच सांगितलं.

हे वाक्य मी आजपर्यंत शेकडो वेळा मनात बोललोय. ‘वारा नाही.’

मग विमान दिसलं. दक्षिणेकडून खाली येत होतं आणि मला वाटलं त्याचं काहीतरी बिघडलंय, कारण त्याचं नाक पट्टीकडे नव्हतं, आमच्याकडे वळलेलं होतं. विमान एका दिशेला तोंड करून दुसऱ्याच दिशेला सरकत येत होतं. सर दारात आले आणि तिथेच थांबले.

“ही तिरकी का येतेय? बाजूचा वारा असला की असं यायचं असतं... हिला वारा कसला लागतोय?”

तेवढ्यात शेडच्या पलीकडून धुळीचा एक लोट निघाला आणि पट्टीवरून आडवा, पश्चिमेकडून पूर्वेकडे पळत गेला. मी सॉककडे बघितलं. तो जेमतेम अर्धा उचलला गेला आणि परत पडला. त्या क्षणी मला सगळं कळलं. वारा होताच, सॉकच जड होता.

रेवतीने शेवटच्या क्षणी नाक सरळ केलं, डावा पंख खाली धरला आणि एका चाकावर उतरली. अगदी शिकवतात तसं. मला वाटलं झालं, उतरली! पण त्यानंतर दुसरा झोत आला, पहिल्यापेक्षा मोठा. विमान गर्रकन डावीकडे वळलं, पट्टी सोडून माळावर गेलं, पुढचं चाक मोडलं, नाकावरचा पंखा जमिनीत घुसला आणि शेपूट वर होऊन आपटली. नंतर इतकी शांतता झाली की मला लांबच्या शेळ्यांचे आवाज ऐकू यायला लागले.

आम्ही तिघं पळालो. मामा पाण्याची घागर घेऊन पळत होते आणि “अय्यो शिवा, अय्यो शिवा” म्हणत होते. पेट्रोलसारखा वास येत होता. सरांनी हात आत घालून सगळे स्विच बंद केले. रेवती पट्ट्यांमध्ये अडकून बसली होती, कपाळावरून रक्त, पण शुद्धीवर होती. तिने माझ्याकडे बघितलं, मला ओळखत पण नव्हती, आणि म्हणाली, “माझे पाय आहेत ना?”

मी म्हणालो, “आहेत ताई, दोन्ही आहेत.”

“मग मला ते जाणवत का नाहीयेत?”

सरांनी तिची मान हलू दिली नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मामा तिच्या डोक्यावर आपला टॉवेल धरून उभे होते, उन्हासाठी.

आता मूळ गोष्ट.

हॉस्पिटलमध्ये तिला तपासायला नेण्याआधी पाच मिनिटं मिळाली. सर तिच्याजवळ उभे होते, मी पडद्यापाशी. सरांनी विचारलं, “बेटा, मी तर तुला वारा नाही सांगितलं होतं. तू तिरकी कशी आलीस?”

ती म्हणाली, “सर, तुम्ही सांगितलंत, पण सॉक तर पूर्ण आडवा होता. काठीसारखा. मी वळण घेतानाच बघितला.” मग म्हणाली, “तो बदला सर. फार फाटलाय. खालची शिवण सुटलीय, पट्टी फडफडतेय... ते निळ्या चौकटीचं ठिगळ आहे ना, त्याच्यामुळेच माझं लक्ष गेलं.”

सरांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी सरांकडे. नवीन सॉक सरांनी त्या दुपारीच पहिल्यांदा बघितला होता... लाल-पांढरा.

“कुठला रंग होता?” सरांनी हळूच विचारलं.

“भगवाच की सर. विटलेला.”

मग तिला आत नेलं.

बाहेर बाकावर बसल्यावर मी सरांना कापडाची सगळी गोष्ट सांगितली. चादर, कांजी, डबल शिलाई, सगळं. मला वाटलं ते मला मारतील. ते म्हणाले, “आल्या आल्या मी त्या सॉकखालून चालत गेलो, गणेश. हात लावून बघायचं काम माझं होतं. तू जाड कापड घेतलंस, मी डोळे झाकून बसलो.” मग म्हणाले, “ती वारा नाही असं धरून सरळ उतरली असती तर वाऱ्यानं तिला उजवीकडं ढकललं असतं. चरात. दगडावर.”

दुसऱ्या दिवशी मी शुक्रवार पेठेत गेलो. मनात एकच होतं, की जुना सॉक कुणीतरी मध्येच नेऊन खांबावर टांगला असेल, काहीतरी गंमत केली असेल, म्हणजे सुटलो. काकांनी चष्मा वर केला.

“काय बे, फाटला काय लगेच?”

“जुना कुठाय काका?”

त्यांनी कपाटातून काढून दिला. चार तुकडे. मापासाठी त्यांनी तो पहिल्याच दिवशी सगळा उसवून, सपाट करून, खडूने आखला होता. निळं ठिगळ वेगळं काढून एका डब्यात ठेवलं होतं, बटणांबरोबर. “चांगला तुकडा हाय म्हणून ठेवला. नेतोस का?”

म्हणजे ती ज्या दुपारी आली, त्या दुपारी जुना सॉक सॉक राहिलेलाच नव्हता. शहराच्या मध्यभागी एका कपाटात घडी घालून ठेवलेले कापडाचे चार तुकडे होते.

मी माझ्या परीने सगळे विचार केलेत. कसलेल्या वैमानिकाला विमान सरकतंय यावरूनच वारा कळतो. सरांनीच मला हे सांगितलं. रेवतीला नकळत तसं कळलं असेल आणि मेंदूने आपला एक सॉक तयार केला असेल. जुने सॉक सगळीकडे भगवे असतात, फाटकेही असतात. इथपर्यंत मला पटतं. पण निळ्या चौकटीचं ठिगळ? तिच्या संस्थेत आमच्या पट्टीचा फोटो आहे का, हे सरांनी विचारून घेतलं. एक आहे, पण तो जुना सॉक लावायच्याही आधीचा, त्यात खांबच नाही. आणि सर म्हणाले की वळण घेताना विमान जेवढ्या उंचीवर असतं, तिथून शर्टाच्या चौकटी दिसूच शकत नाहीत. खांबावर असता तरी दिसल्या नसत्या.

मी हे इरण्णामामांना सांगितलं. त्यांना वाटेल ते वाटो, असं ठरवूनच सांगितलं. मामांनी तंबाखू मळता मळता एवढंच विचारलं, “पोरगी जगली न्हवं? मग कुटनं दिसलं कशाला इचारतूस?”

पण मला तेव्हा ती ‘जगली’ एवढंच माहीत होतं. मणक्याला तडा होता. चालेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. चार दिवसांनी तिचे आई-वडील आले आणि तिला नागपूरला घेऊन गेले. सरांचा फोन ते उचलत नव्हते. त्यांचं बरोबरच होतं, मी त्यांच्या जागी असतो तर मीही उचलला नसता. चौकशीला दोन अधिकारी आले, त्यांनी नवीन सॉक हातात धरून एकमेकांकडे बघितलं आणि लिहून घेतलं. मी सगळं खरं सांगितलं, ठिगळाचं सोडून. ते सांगायची हिंमत झाली नाही. सरांनी ‘जबाबदारी माझी’ असं लिहून सही केली.

मग पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी दर आठवड्याला सरांकडे बघायचो आणि सर मान हलवायचे... नाही, काही कळलं नाही. एका परीक्षेत मी अर्धा तास कोऱ्या पेपरपुढे बसलो होतो, कारण प्रश्नात एका वस्तूवर बाजूने बल लावलेलं होतं. आई फोनवर विचारायची, “जेवलास का? आवाज का असा येतोय?” मी काय सांगणार? एका जाड कापडामुळे कुणाचे तरी पाय गेले असतील, हे घरी कसं सांगतात, मला माहीत नव्हतं. मी रस्त्यात काठी घेऊन चालणारी कुणी मुलगी दिसली तरी मान खाली घालायचो.

तिने जे बघितलं त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा, मी मनापासून वाचेन. भूत म्हणू नका एवढीच विनंती, कारण मला ते भीतीचं वाटतच नाही. कुणीतरी त्या पोरीला खरं सांगितलं, जेव्हा मी खोटं सांगत होतो... मला एवढंच म्हणता येतं.

आणि आता मी हे लिहू शकलो त्याचं कारण. गेल्या गुरुवारी मी प्रॅक्टिकल संपवून बाहेर आलो तर सरांचे सहा मिस्ड कॉल. मी कॉलेजच्या पायऱ्यांवरच बसलो आणि फोन लावला. सर नेहमी ‘हॅलो’ म्हणतात, तेही म्हणाले नाहीत.

“गणेश, तिच्या वडिलांनी स्वतः फोन केला रे. पोरगी चार महिन्यांपूर्वीच चालायला लागलीय. डॉक्टरांनी उडायची परवानगी दिली, आणि आज सकाळी ती एकटी विमान घेऊन गेली. बाजूचा वारा होता, तरी गेली. तीनदा उतरली. तिन्ही वेळा पट्टीच्या बरोबर मधोमध.”